गरम हवेचं यंत्र

"हे घे तुझं यंत्र. आमच्या घरात नको ते," असं म्हणत पाटणकर काकांनी खोका काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. शेजारी उभी असलेली एक गोरी बाई दचकून दोन पावलं मागे सरकली.

मी म्हटलं, "काका, आधी बसा बघू. पाणी देऊ?"

"पाणी नको. तू फक्त हे परत घे."

"झालं काय पण?"

"काय व्हायचं राहिलंय? दोनदा ओढलं तिनं आणि असा ठसका लागला, असा ठसका लागला की विचारू नकोस. बरगडी धरून किंचाळली अगं ती! लग्न झाल्यापासून मी तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही. शेजारचा चिनी माणूस बघायला आला, काय झालं म्हणून."

ही गोष्ट आहे सात-आठ वर्षांपूर्वीची. टोरंटोला लागून मिसिसागा म्हणून शहर आहे, तिथल्या एका दुकानात मी तेव्हा कामाला होते. दुकान कसलं ते सांगूनच टाकते, मला आडून आडून बोलायला जमत नाही. गांजाची वाफ घ्यायच्या यंत्रांचं दुकान. कॅनडात गांजा कायदेशीर आहे आणि काही दुखण्यांवर डॉक्टर स्वतः लिहून देतात. तो जाळून धूर ओढण्याऐवजी नुसता तापवायचा आणि त्याची वाफ घ्यायची, अशी हातात मावणारी यंत्रं आम्ही विकायचो. विकायचे बाकीचे. बिघडलं की माझ्या टेबलावर यायचं. सटाण्याला आमच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे पाना-पक्कड माझ्या हातात भातुकलीच्या वयातच आलेली. यंत्र एकदा उघडलं की ते माझ्याशी खोटं बोलू शकत नाही, असा माझा तेव्हाही तोरा होता आणि आजही आहे. आईला मात्र फोनवर मी 'मेडिकलच्या मशीनचं काम' एवढंच सांगितलं होतं. आईची गोष्ट वेगळी असते.

पाटणकर काका पहिल्यांदा आले ते नवरात्राच्या आधी. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून एकदम मराठीत म्हणाले, "हर्षला? खैरनार? म्हणजे नाशिककडच्या का तुम्ही?" सटाण्याची म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर अशी काही सुटका दिसली, की पुढच्या वाक्याला मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. मग इकडेतिकडे बघत, दबक्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. स्वतः साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकुलती एक मुलगी, ऋजुता, इथे. तिचं बाळंतपण करायचं म्हणून दोघं आले आणि आल्या आल्या काकूंना नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून पार छातीखालपर्यंत. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आतली आग काही जाईना. कपडा टेकला तरी चटका बसायचा.

"नातीला अजून तिनं मांडीवर घेतलेलं नाही," काका म्हणाले. "एकदा घेतली होती. पोरीनं पाय झाडला, तो नेमका तिथं लागला. हिचा हातच सुटला अगं. ऋजुतानं वरच्या वर झेलली म्हणून. तेव्हापासून ही लांब बसते आणि लांबूनच बघते. गोळ्या झाल्या, पट्ट्या झाल्या. आता डॉक्टरांनी हे लिहून दिलंय. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. तू सांगशील ते घेतो."

मी दोन यंत्रं त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "काका, ह्यात फरक फक्त तापवण्याचा आहे. ह्या पहिल्यात वाटी तापते. गांजा तापलेल्या वाटीला टेकून बसतो. कडेचा आधी भाजतो, मधला कच्चा राहतो, म्हणून अधूनमधून ढवळावा लागतो. आणि तुम्ही ओढा नाहीतर ओढू नका, तो आपला भाजतच राहतो. जरा दुर्लक्ष झालं की करपट लागतो. ह्या दुसऱ्यात वाटी तापवत नाहीत, हवा तापवतात. तुम्ही ओढलंत की बाहेरची हवा आत शिरते, तापलेल्या तारेवरून जाते आणि गरम होऊन गांज्यातून निघते. ओढायचं थांबलात की भाजणंही थांबलं."

"म्हणजे पहिल्यात पाणी तुंबवून जिरवायचं, आणि दुसऱ्यात पाटानं सोडायचं."

"बरोब्बर!"

"मग कुठलं घेऊ?"

आमचा मालक म्हाताऱ्या माणसांना डोळे मिटून वाटीचं यंत्र द्यायचा. सोपं, दणकट, तक्रार नाही. पण मी विचार केला काकूंच्या बरगडीचा. करपट वाफ लागली की खोकला येणार, आणि खोकला आला की त्या बरगडीचे हाल. गरम हवेच्या यंत्रात वाफ मऊ येते. मी म्हटलं, "हे दुसरं न्या. माझ्या जबाबदारीवर न्या."

आता तेच यंत्र काउंटरवर परत आलं होतं आणि काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काकूंचा गळा दाबला.

"पहिल्यांदा ओढलं कधी त्यांनी?" मी विचारलं.

"दसऱ्याला. त्याआधी कपाटात पडून होतं. मी? गांजा? उद्या गावाकडं कळलं तर लोक तोंडात शेण घालतील, हेच चाललं होतं तिचं. दसऱ्याच्या सकाळी आपणहून म्हणाली, आणा ते. मलाही आश्चर्य वाटलं."

"आणि आता काय म्हणतात?"

"आता जन्मात हात लावणार नाही म्हणते. दुसरं यंत्र आणू का म्हटलं, तर नको. का नको विचारलं, की भिंतीकडं तोंड करून बसते. ऋजुता वैतागली, म्हणाली परत करून टाका, विषय संपवा."

मी यंत्र खोक्यातून काढलं, फिरवून बघितलं. बाहेरून लख्ख. चालू केलं तर दिवा लागला, तापमान बरोबर चढलं. पण ओढून बघायची सोय नव्हती. दुकानात आत वाफ घ्यायला कायद्यानं मनाई आणि बाहेर रस्त्यावर उभं राहून ओढलेलं मालकाला खपायचं नाही. शिवाय यंत्राची तक्रार असली की मला यंत्र आणि माणूस दोन्ही एका जागी लागतात. निम्मे लोक ओढतातच चुकीचं.

"चला, मी येते तुमच्याबरोबर."

"अगं, ऋजुता चिडेल."

"चिडू दे. मला सवय आहे, मी स्वतः चिडकी आहे."

दार ऋजुतानंच उघडलं. माझ्याच वयाची, केसांचा कसाबसा अंबाडा, खांद्यावर झोपलेलं बाळ. माझ्या हातातली हत्यारांची पिशवी बघून ती आधी बापाकडे वळली. "बाबा, परत करा म्हटलं होतं मी. तुम्ही तर दुकानच घरी आणलंत."

"बघते म्हणाली जरा."

"बघा. पण आईला परत परत आशा लावू नका. तिचं ते सोसणं बघायला घरात मी असते, तुम्ही सगळे नसता." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती बाळासकट आत गेली. तिच्या मागोमाग मीही स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर भाजलेला डिंक, खोबरं, खारीक पसरलेली, आणि मोबाईलवर कुणीतरी बाई लाडू वळून दाखवत होती.

"स्वतःच करताय?" मी आपलं बोलायला म्हणून विचारलं.

"मग कोण करणार? बाळंतपण पण मी माझं मोबाईलवर बघून केलं," ती म्हणाली, आणि कढई उचलून सिंकमध्ये ठेवली.

काकू बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगात काकांचा ढगळ शर्ट, आणि खुर्चीत अशा तिरक्या बसलेल्या, की डावं अंग कशालाही लागू नये. समोरच्या टेबलावर देवीची तसबीर, सुकलेला झेंडूचा हार तसाच. मला वाटलं होतं कुणी कुरकुरी म्हातारी भेटेल. पण बाई निघाल्या एकदम साध्या, हसतमुख.

"सटाण्याची ना गं तू? आमच्या ह्यांना आवडतात तिकडची डाळिंबं. बस. चहा घेशील?"

"घेईन ना. आधी काम करते. काकू, त्या दिवशी नक्की काय झालं, सांगाल?"

त्यांचं हसू मावळलं. "तुझ्यावर राग नाही हो माझा. तू चांगल्या मनानं दिलंस. पण त्या वस्तूचा विषय नको."

"एवढंच सांगा. दुसऱ्या झुरक्याला लागला ठसका, की पहिल्याला?"

"पहिल्यालाच. घशात निखारा गेल्यासारखा. हे म्हणाले सवय नाही म्हणून झालं असेल, म्हणून पुन्हा ओढलं. झालं समाधान? आता ऊठ."

मी उठले. घरामागे काचेची एक छोटी खोली होती, जावयानं तीच ह्या कामासाठी ठरवून दिली होती, म्हणजे वाफ घरात, बाळापर्यंत जायला नको. तिथे टेबलावर मी फडकं अंथरलं. काका पाठीशी उभे.

"कॉइल जळलंय," ते म्हणाले. "मी सांगतो तुला. उभी हयात पंपात गेली माझी."

"काका, कॉइल जळलं असतं तर तापलंच नसतं."

"मग गांजा भेसळीचा असेल."

"ते आत्ता कळेल." मी आतला गांजा काढून टाकला, कप्पा स्वच्छ पुसला, आणि यंत्र रिकामंच तापवून एक झुरका घेतला.

घसा धरला. डोळ्यांत पाणी आलं. गांजा नाही, काही नाही, तरी ठसका. म्हणजे खोट गांजात नव्हती. वाटीच्या यंत्रात असं झालं असतं तर मी आधी वाटी खरवडली असती. पण इथे हवा बाहेरून येते आणि तारेवरून जाते, म्हणजे जे काही होतं ते हवेच्या वाटेत होतं. आणि तो वास! तो मला कुठेही ओळखू आला असता. फोडणी टाकताना हळद सांडून बर्नरवर पडली की येतो, तोच तो. मिसिसागात, जर्मन बनावटीच्या यंत्रात, हळद!

मी स्क्रू काढले. वरचं कडं सोडवलं. हवा आत यायच्या फटी असतात, त्यांच्या तोंडाशी लाल-पिवळा थर. आत, तारेवर, कोळसा झालेला तांदळाचा तुकडा आणि त्याच्याभोवती तांबडी राख.

मला हसूच फुटलं. इतकं, की काका घाबरले.

"काका, खरं सांगा. ह्याची पूजा कुणी केली?"

"पूजा?"

"खंडेनवमीला. हळद, कुंकू, अक्षता. हे बघा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं. "मी नाही हो. खात्यात नव्या पंपाला नारळ फोडायचे ना, तेव्हा मी मुद्दाम चहाला जायचो. ऋजुता! अगं ऋजुता, इकडं ये!"

ऋजुता दारात आली. "मी? बाबा, मला केस विंचरायला वेळ होत नाही आणि मी यंत्रांच्या पूजा करीन?"

मग आम्ही तिघंही एकदमच वळून बाहेरच्या खोलीकडे बघायला लागलो.

मी ते उघडं यंत्र तसंच फडक्यात घेतलं आणि काकूंपुढे ठेवलं. काही विचारावं लागलं नाही. त्यांनी तो लाल थर बघितला आणि मान खाली घातली.

"पुसलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"मंदा, तू?" काका खुर्चीवर बसलेच. "तू तर हात लावायला तयार नव्हतीस!"

"तुमच्यासमोर नव्हते." मग देवीच्या तसबिरीकडे बघत सांगायला लागल्या. "खंडेनवमीला पहाटे उठले. तुम्ही सगळे झोपला होता. इथं शस्त्रं कुठली असायला? विळी, कात्री, ह्यांचा पाना, जावयांचा लॅपटॉप, सगळं मांडलं. मग कपाटातनं तेही काढलं. तिच्यापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, बाई, हे काय आहे ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. पण ह्यानं माझी बरगडी जरा थंड होणार असेल तर तू चालवून घे. एकदा मला माझी नात मांडीवर घेऊ दे. मग पुसून ठेवून दिलं. कुणाला सांगायची लाज वाटली. एवढी नाही नाही म्हणत होते ना मी."

"आणि दुसऱ्या दिवशी ओढलं," मी म्हटलं.

"ओढलं, तर आग. तेव्हाच उमजलं मला. गांजाचं यंत्र तिच्यापुढं मांडलं मी, ऐन नवरात्रात. ती नाही म्हणाली. स्पष्ट नाही म्हणाली. आता ती नाही म्हणाल्यावर दुसरं यंत्र आणा नाहीतर तिसरं आणा, काय उपयोग? मी ठरवलं, आता मागायचं नाही. पोरीला लांबून बघायचं. तेवढंच आपल्या नशिबात."

ऋजुता दाराला टेकून उभी होती. तिच्या तोंडावरचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. काका नुसतेच "अगं, अगं," करत राहिले.

आणि मला आला राग. कुणाचा म्हणून सांगू? ही बाई एवढ्याशा तांदळाच्या तुकड्यापायी जन्मभराची शिक्षा घेऊन बसली होती. आणि ते यंत्र तिला मी दिलं होतं, माझ्या जबाबदारीवर.

"काकू, कुंकू कुठं लावलंत? बोट ठेवून दाखवा."

त्यांनी वरच्या कड्याच्या खाली बोट ठेवलं.

"नेमकं इथंच का?"

"मला ते कपाळासारखं वाटलं."

"काकू, कपाळ नाही हे. हे त्याचं नाक आहे!" माझा आवाज चढलाच. "नीट ऐका. ह्या यंत्रात हवा तापते. ती इथून आत शिरते, ह्या तारेवरून जाते, मग गांज्यातून, मग तुमच्या घशात. वाटेत जे असेल ते तापून, जळून तुमच्या छातीत. कुंकू असेल तर कुंकू, तांदूळ असेल तर तांदूळ. त्या दुसऱ्या प्रकारचं यंत्र मी तुम्हाला दिलं असतं ना, वाटी तापणारं, तर त्याच्या वाटीबाहेर वाहिलेलं कुंकू तिथंच बसलं असतं. तुम्ही मजेत ओढलं असतं आणि म्हणाला असता, देवी हो म्हणाली. देवीचा निर्णय माझ्या दुकानातल्या मॉडेलवर ठरतो का?"

काका फिसकन हसले आणि लगेच तोंड पुसायला लागले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र हातात घेतलं, त्या फटींवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे ती नाही म्हणाली नाही?"

"नाही."

"हो पण म्हणाली नाही."

"तिला कशाला मध्ये घेता? तिला पुष्कळ कामं असतील. हे माझं काम आहे, मला विचारा. मी म्हणते, हो."

"आमच्या वडिलांच्या दुकानात," मी जरा आवाज खाली आणून म्हटलं, "खंडेनवमीला शंभर मोटारी असायच्या. आई ताट घेऊन यायची, आणि वडील तिच्या मागे मागे ओरडत फिरायचे. कुंकू बॉडीला लाव गं, वाइंडिंगला नको, वाइंडिंगला नको! मी तुम्हाला यंत्र देताना सांगायला पाहिजे होतं. गोऱ्यांना सांगावं लागत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही."

काकूंनी यंत्र माझ्या हातात परत दिलं. "कर स्वच्छ," त्या म्हणाल्या.

मी स्पिरिट आणि बारीक ब्रश घेऊन बसले. फट अन् फट कोरून काढली. तार घासली, फुंकरून वाळवली, जोडणी केली, मग यंत्र रिकामं तापवलं. स्वतः झुरका घेतला, काकांना दिला, त्यांनीही मान हलवली. काही वास नाही, काही नाही, फक्त गरम हवा. मग डॉक्टरांनी सांगितला होता तेवढाच, चिमूटभर गांजा घातला आणि काकूंना काचेच्या खोलीत बोलावलं.

"गरम चहाचा घोट घेतो तसं. घाई नाही, जोर नाही. हवा आपोआप येईल."

त्यांनी यंत्र ओठाला लावलं. काकांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यांची बोटं पांढरी पडली. ओढलं त्यांनी. हळूच. मी श्वास रोखून त्यांच्या घशाकडे बघत होते. खोकला आला नाही. पुन्हा ओढलं. नाहीच आला.

"कसलीतरी पाल्याची चव आहे," त्या म्हणाल्या. "मेथी जरा जास्त भाजल्यासारखी."

"बास आता. थांबायचं."

मग आम्ही बसून राहिलो. काकांनी पंपाच्या गोष्टी सुरू केल्या, कारण गप्प बसणं त्यांना झेपत नव्हतं. मी त्यांचं ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला माझ्या यंत्राची खात्री होती. पण बरगडीच्या आतलं यंत्र मी काही उघडून बघितलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. गोष्टी रंगात आल्या आणि मध्येच काकूंनी डावा हात उचलला. शर्टावरून, अगदी हलकेच, बरगडीवर ठेवला. काका बोलता बोलता थांबले. काकूंनी तळवा जरा दाबला. मग अजून जरा.

"गेलं?" काकांनी विचारलं.

"गेलं नाही. आहे." त्यांनी मान हलवली. "पण लांब आहे. पलीकडच्या खोलीत असल्यासारखं. हात सहन होतोय हो! माझा हात मला सहन होतोय!"

काका उठून काचेकडे तोंड करून उभे राहिले आणि रुमालानं जोरात नाक शिंकरलं. मी हत्यारं पिशवीत भरायला लागले, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना.

काकू उठल्या. हातपाय धुतले, वाफेचा वास नको म्हणून शर्ट बदलून धुतलेला गाऊन घातला, आणि बाहेरच्या सोफ्यावर नीट मांडी घालून बसल्या. तिरक्या नाही, सरळ. दोन्ही हात पुढे केले.

"ऋजू, आण गं तिला," त्या म्हणाल्या. "हे बसतील माझ्या शेजारी हात लावून. पडणार नाही. आण."

ऋजुता आतून आली. बाळ जागं झालं होतं, मुठी चोखत होतं. ती आईसमोर येऊन उभी राहिली. एकदा आईकडे बघितलं, एकदा बाळाकडे. आणि वळून ते बाळ सरळ माझ्या हातात दिलं.

"धरा जरा," ती म्हणाली.

मी मोटारी उचलल्यात, पण एवढं लहान मूल तोवर कधी धरलं नव्हतं. हात लाकडासारखे करून मी तशीच उभी राहिले. ऋजुता खाली बसली, फरशीवर, आणि तिनं आपलं डोकं आईच्या डाव्या अंगाला टेकवलं. अगदी जपून, तिथेच, जिथे गेले कितीतरी दिवस कुणी हात लावला नव्हता.

"आधी मी," ती म्हणाली. "आई, ती नंतर. आधी मी."

एवढी कडक बाई, पण असं हमसून हमसून रडायला लागली, की माझ्या हातातलं बाळसुद्धा मुठी चोखायचं विसरलं. काकूंनी आधी दचकून श्वास ओढला. लागलं असणार त्यांना, नक्की लागलं असणार. पण त्यांनी तिला बाजूला केलं नाही. दोन्ही हातांनी तिचं डोकं तिथेच धरलं, अंबाडा सोडला, आणि बोटं केसांतून फिरवायला लागल्या.

"अगंबाई, काय केस झालेत गं हे," त्या म्हणाल्या. "ओल्या बाळंतिणीच्या डोक्याला तेलाचा थेंब नाही! अहो, बघता काय, तेल कोमट करून आणा."